बेल रॉकवरची बत्तीस माणसं

नमस्कार, श्रोतेहो.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नावाचं बंदर आहे. तिथून साधारण अठरा किलोमीटरवर, भर समुद्रात एक खडक आहे, बेल रॉक. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला पार बुडतो. भरतीला पार बुडतो, एवढं ध्यानात ठेवा. १८०४ च्या जानेवारीत ‘यॉर्क’ ही युद्धनौका सगळ्या माणसांसकट याच खडकावर गेली असं मानतात. मग दीपस्तंभाचा कायदा झाला, १८०६ साली. माणसं गेल्याशिवाय सरकारकडून साधा खड्डा बुजत नाही, हे दुखणं काही आपलंच नाही.

१८०७ च्या ऑगस्टमध्ये अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन माणसं घेऊन कामाला लागला. आता २ सप्टेंबरची गोष्ट ऐका. ओहोटी होती, खडकावर बत्तीस जण. पाथरवट गुडघे टेकून पाया खणताहेत, लोहाराच्या ऐरणीवर ठणठणाट चाललाय. जवळच नांगरलेलं ‘स्मीटन’ जहाज सुटलं आणि एक होडी घेऊन वाहत गेलं. कुणाचं लक्ष नाही! स्टीव्हन्सननं मात्र पाहिलं. तो गप्प राहिला.

पाणी चढलं तशी माणसं उठली, कोट-बूट घ्यायला गेली. बघतात तर तीनऐवजी दोनच होड्या. दोन होड्या आणि बत्तीस माणसं! त्या वाऱ्यात एका होडीत फार तर आठ जण. म्हणजे निम्मे खडकावरच राहणार, आणि थोड्याच वेळात तिथे बारा फूट पाणी. कुणी अवाक्षर काढेना. जो तो मनातल्या मनात डोकी मोजतोय. स्टीव्हन्सन बोलायला गेला तर जीभच हलेना, इतकी कोरड पडलेली. खडकातल्या डबक्याचं खारं पाणी त्यानं तोंडाला लावलं. तोंड उघडणार, तोच कुणीतरी ओरडलं, “होडी! होडी!”

आर्ब्रोथहून जेम्स स्पिंक आला होता. कशाला, तर पत्रं द्यायला! पत्रं घेऊन येणाऱ्याला आपल्याकडेही पूर्वी चहा विचारत. आता पार्सलवाल्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. असो. स्पिंकच्या होडीमुळे बत्तीसच्या बत्तीस वाचले. पण दुसऱ्या दिवशी कामगारांपैकी अवघे आठ जण खडकावर यायला तयार झाले.

बांधकामाचं थोडक्यात सांगतो. दगडात दगड अडकेल अशा खाचा किनाऱ्यावरच पाडून घ्यायच्या आणि ओहोटी असेल तेवढ्यात थर बसवायचा. १ फेब्रुवारी १८११ ला दिवा लागला. १९८८ पासून तिथे माणूस राहत नाही, दिवा आपोआप चालतो. श्रेय स्टीव्हन्सनचं की मुख्य अभियंता जॉन रेनीचं, यावर दोघांची मुलं पुढे भांडत बसली. मला विचाराल, तर मी स्पिंकच्या बाजूचा.

नमस्कार.