स्टिअरिंग हलकं पडतं तेव्हा

नमस्कार. मघाशी हात वर करायला सांगितलं तेव्हा दिसलं की इथल्या बऱ्याच जणांच्या घरी रेसिंग व्हील, म्हणजे गाड्यांच्या गेमसाठीचं मोटरवालं स्टिअरिंग, आहे. व्हील टेबलाला आवळल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय केलं असेल, याचा मला अंदाज आहे. सेटिंगमध्ये फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर हाताला देते तो जोर, शोधला आणि १०० वर नेला. मीही तेच केलं होतं. एवढे पैसे मोजलेत तर सगळा जोर मिळायला हवा, असं वाटतंच. दोन महिने मी तशीच चालवत राहिले. मनगटं भरून यायची, पण गाडी कधी सुटणार हे सुटल्याशिवाय कळायचं नाही. ते जमायला लागलं जोर कमी केल्यावर. असं का होतं, ते आज नीट समजावून सांगायचं आहे.

माझे वडील प्रीमियर पद्मिनी चालवायचे. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. उभ्या गाडीचं चाक वळवायचं तर खांद्यातून जोर लावावा लागायचा. खंबाटकी घाटात वळण संपत आलं की ते पकड सैल करायचे आणि स्टिअरिंग त्यांच्या तळहातांतून सरसर फिरत आपोआप सरळ व्हायचं. एकदा पावसात, अशाच एका वळणावर, ते म्हणाले, "हलकं लागलं बघ," आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला. मागच्या सीटवर मला काहीच जाणवलं नव्हतं. गाडी वळत होती, रस्ता आधीसारखाच दिसत होता. मग त्यांना कुठून कळलं? याचं उत्तर मला पुढे इंजिनिअरिंगला टायर शिकताना मिळालं.

टायर रस्त्याला जिथे टेकतो तो ठसा साधारण तळहाताएवढा असतो. चाक वळवलं की त्या ठशातलं सगळं रबर सारखं ताणलं जात नाही. ठशाच्या पुढच्या कडेचं रबर नुकतंच रस्त्याला टेकलेलं असतं, त्याला अजून ताण नसतो. मागे मागे जावं तसा ताण वाढत जातो. त्यामुळे बाजूला ढकलणारं सगळं बळ ठशाच्या मध्यावर न पडता थोडं मागे पडतं, काही सेंटिमीटर. तेवढ्या अंतरामुळे चाकाला सरळ होण्याचा पीळ मिळतो. त्यात पुढच्या चाकांची बसवणीही भर घालते. ऑफिसच्या खुर्चीचं चाक आपोआप मागे वळतं ना, तोच प्रकार. वळणात हाताला जे जड लागतं, ते हे.

आता वळण अजून आवळा. ठशाच्या मागच्या बाजूचं सर्वांत ताणलेलं रबर आधी घसरायला लागतं. ते घसरलं की बळाचा मध्य पुढे सरकतो, ते काही सेंटिमीटरचं अंतर कमी होतं आणि पीळ उतरतो. पण ग्रिप मात्र अजून वाढत असते! टायरची बाजूची पकड शिगेला पोचण्याच्या आधीच स्टिअरिंग हलकं पडायला लागतं. माझ्या वडिलांना कळलं ते हेच होतं. टायर सुटण्याआधी निरोप देतो, आणि तो निरोप जोर वाढण्यातून येत नाही, जोर कमी होण्यातून येतो. मला हे यंत्रशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

तर तुमच्या व्हीलमधल्या मोटरचं खरं काम हा उतार तुमच्या हातापर्यंत पोचवणं. आणि १०० वर ठेवलेला गेन, म्हणजे जोर किती द्यायचा तो आकडा, नेमका तोच खातो.

गणपतीच्या मंडपात लहान स्पीकरवर आवाज पूर्ण चढवला की काय होतं ते आठवा. आवाज फाटतो. ढोल आणि झांज यांतला फरक राहत नाही, सगळं एकाच पट्टीत कर्कश येतं, कारण स्पीकर त्याच्या कमाल मर्यादेला जाऊन अडकलेला असतो. व्हीलचंही तसंच, त्याला क्लिपिंग म्हणतात. समजा, गेमच्या हिशोबानं एका वेगवान वळणात १३० एवढं बळ हवंय. मोटरला १०० च्या वर देता येत नाही, ती १०० देते. मग पुढचा टायर सुटायला लागला, हिशोब १३० वरून ११० वर आला. मोटर काय देते? १००. निरोप निघाला होता, पण हातापर्यंत आलाच नाही. तुमचे हात भिंत ढकलल्यासारखे ताठ, आणि गाडीचं नाक सरळ रेतीत.

मोटरला झेपतं तरी किती? लॉजिटेक जी२९ हे २०१५ चं व्हील आपल्याकडे खूप जणांकडे आहे. त्याचा कमाल पीळ साधारण २ न्यूटन मीटर. मनात येईल असं सांगायचं तर, व्हीलच्या कडेला दीड किलोची पिशवी टांगली तर जेवढी ओढ लागेल, तेवढी. फानाटेकचं सीएसएल डीडी २०२१ मध्ये आलं, त्यात व्हील थेट मोटरच्या दांड्यावर बसतं. ते ५ किंवा ८ न्यूटन मीटर देतं; ८ म्हणजे पाच-साडेपाच किलोची पिशवी. २५ न्यूटन मीटरची व्हीलंही मिळतात. तिथे ती पिशवी सतरा किलोची होते आणि भिंतीवर आदळताना हात काढले नाहीत तर अंगठा मुरगळतो. लहान व्हीलवाल्यांनी हळहळू नये. दीड किलोमध्येही शून्यापासून दीडपर्यंतच्या सगळ्या छटा असतात, त्या वापरायच्या.

मी कशी लावते ते सांगते. गेम आसेटो कोर्सा, कारण त्यात हे मोजता येतं. ट्रॅक इटलीतला मुजेल्लो. तिथे अराबियाता १ आणि अराबियाता २ अशी लागोपाठ दोन वेगवान उजवी वळणं आहेत, आणि पुढच्या टायरवर लांबवर भार टिकतो. स्क्रीनवर पेडल्स नावाची छोटी खिडकी उघडता येते, तिच्यात फोर्स फीडबॅकची एक पट्टी असते. क्लिपिंग झालं की ती लाल होते. या दोन वळणांत पट्टी लाल राहत असेल तर कीबोर्डच्या नमपॅडवरचं वजाचं बटण दाबून त्या गाडीपुरता गेन उतरवायचा. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चाक चढलं की क्षणभर लाल होईल, त्याला माझी हरकत नाही. पण वळणाच्या मध्यावर, जिथे टायर बोलत असतो, तिथे ती लाल असता कामा नये. आयरेसिंग हा दुसरा गेम खेळणाऱ्यांनी त्यातला एफ मीटर, म्हणजे बळ दाखवणारी पट्टी, बघावा. तिथे काही लॅप मारल्यावर ऑटोचं बटण मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरे.

हे गाडीगणिक करावं लागतं. १९६७ च्या लोटस ४९ या रेसिंग गाडीला हवेनं गाडी खाली दाबणारे पंखच नव्हते. गेममधल्या गाडीलाही नाहीत, त्यामुळे हळू आणि वेगवान वळणांत पुढच्या चाकांवरचा भार फार बदलत नाही. लोटस एक्झॉस १२५ ला मोठे पंख आहेत. हवेचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे १०० चा वेग २०० झाला की दाब चौपट. तिथे वेगवान वळणाचा हिशोब धरून गेन लावला की हळू वळणात व्हील पिळपिळीत लागतं. लागू दे. हळू वळणातली चूक सावरता येते, वेगवान वळणातली येत नाही.

आता जी२९ वाल्यांची नेहमीची तक्रार: मधोमध काहीच जाणवत नाही. त्यात मोटरचं बळ गिअरमधून येतं. दात्यांमध्ये थोडी मोकळीक असते, शिवाय घर्षण. बारीकसं बळ तिथेच जिरतं. थ्रस्टमास्टर टी३०० मध्ये पट्टा आहे, तिथे हे कमी. यासाठी मिनिमम फोर्स नावाचा आकडा असतो. तो गेमला सांगतो की शून्याच्या जरा वर गेलास की एकदम इतक्यापासून सुरुवात कर, मधलं घर्षण ओलांडून. सरळ रस्त्यावर मध्यम वेगानं जाताना हा आकडा एकेक टक्का वाढवत जा. एका टप्प्यावर व्हील आपोआप डाव्या-उजव्या बाजूला टकटक करायला लागेल. तिथून दोन पावलं मागे या. गेनवर एवढा वेळ घालवणारी मंडळी या आकड्याला हात लावत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्वस्त व्हीलचा कायापालट याच एका आकड्यानं होतो. चिकाटी असेल तर वीलचेक या छोट्या सॉफ्टवेअरनं आपल्या व्हीलचा आलेख काढून त्याची दुरुस्ती-सारणीही गेमला देता येते.

सेटिंगमधल्या बाकीच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. कर्ब, रोड, स्लिप असे वेगळे इफेक्ट मी शून्यावर ठेवते, फार तर कर्ब थोडासा. मुजेल्लोचा पृष्ठभाग लेझरनं मोजून घेतलेला आहे, त्याचे खड्डे-उंचवटे सस्पेन्शनमधून हिशोबात येतातच. वरून घातलेली थरथर फक्त जागा अडवते. डॅम्पिंग, म्हणजे व्हीलच्या फिरण्याला मुद्दाम घातलेला विरोध, लहान व्हीलला नको. मोठ्या मोटरला, हात सोडल्यावर व्हील हेलकावे खात असेल तर, थोडं द्यावं. ते हेलकावे उशिरामुळे होतात: व्हील मध्य ओलांडून गेल्यावर आधीचा धक्का येऊन पोचतो.

शेवटी हातांबद्दल. खऱ्या गाडीत मागचं चाक घसरलं की पाठीला आणि बसायच्या जागेला आधी कळतं. खुर्चीत बसून ते कळत नाही, सगळा भार हातातल्या या व्हीलवर आहे. मागून गाडी सुटली की पुढची चाकं गाडी जिकडे चालली आहे तिकडे वळू बघतात. म्हणजे स्टिअरिंग स्वतःच उलट्या बाजूला फिरायला लागतं, तेही तुमच्या मेंदूच्या आधी. घट्ट धरलंत तर तुम्ही त्याला अडवता. बोटांत धरा, मूठ आवळू नका. पद्मिनी घाटात सरळ होताना वडिलांच्या तळहातांतून स्टिअरिंग जसं सरकायचं, तसं ते सरकू द्या. मग पुन्हा पकडा. गेन जास्त असला की मूठ आपोआप आवळली जाते, हेही ध्यानात ठेवा.

पुढच्या ओळीतलं कोणीतरी या. हे जी२९ आहे, लोटस ४९, मुजेल्लो. गेन मी मुद्दाम १०० वर ठेवलाय. दोन लॅप अशा मारा, मग मी तो उतरवते. वेळेकडे बघू नका. अराबियाता २ मध्ये असताना, ज्या क्षणी हलकं पडेल, त्या क्षणी मोठ्यानं "आता" म्हणा.