तिसऱ्या पिसावरची खोच

नमस्कार श्रोतेहो.

आज एका चकतीबद्दल बोलायचंय. जपानी तलवारीची मूठ आणि पातं यांच्या मधे धातूची एक चकती असते, सात-आठ सेंटिमीटरची, तळहातात मावेल अशी. हात घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून ती. तिला म्हणतात त्सुबा. पुन्हा सांगते, त्सुबा. मधोमध एक उभट, निमुळतं भोक, पात्याचा मुठीत शिरणारा भाग त्यातून जातो. शेजारी कधी एक, कधी दोन आणखी भोकं, छोटी सुरी आणि केस सारखे करायची सळई अडकवायला. उरलेल्या जागेत कारागिरानं आपली सगळी हौस भागवलेली असते.

1876 साली जपान सरकारनं चारचौघांत तलवार बाळगायला बंदी केली. तलवारीचा साज करणाऱ्यांचं गिऱ्हाईकच संपलं. कानो नात्सुओसारखा नावाजलेला कारागीर नव्या सरकारच्या नाण्यांचे नमुने घडवायला लागला होता. पण सगळ्यांना कुठून मिळणार असं काम? जुने त्सुबा परदेशी हौशी लोकांकडे गेले, बंदरात परदेशी पाहुण्यांसाठी नवे तयार होऊ लागले. आणि जिथं हौशी गिऱ्हाईक, तिथं नक्कल.

त्यातलीच एक माझ्या वाट्याला आली.

मी तेव्हा क्योतोत भाषांतराचं काम करायचे. तिथं दर महिन्याच्या 21 तारखेला तोजीच्या देवळात बाजार भरतो आणि 25 तारखेला कितानो तेनमांगूच्या. यांतल्या कुठल्या बाजारात माझा पोपट झाला ते सांगत नाही, मला दोन्हीकडे अजून जायचंय. निळ्या ताडपत्रीवर जुने किमोनो, चहाचे वाडगे, बंद पडलेली घड्याळं, आणि त्यांच्यात एक लोखंडी त्सुबा. जाळीकाम. गोल कड्याला पंख टेकवलेला सारस. आणि डाव्या पंखाच्या तिसऱ्या पिसावर एक खोच, तांदळाच्या दाण्याएवढी.

त्या खोचेनंच मला गारद केलं. विक्रेता एक अक्षर खोटं बोलला नाही हं. तो काही बोललाच नाही. कथा मीच रचली: कुणीतरी वार केला, कुणीतरी तो या चकतीवर झेलला, बोटं वाचली. 9,000 येन मोजले. मी, जी मंडईत मेथीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घालवते, तिनं घासाघीस केली नाही!

आमचे घरमालक खाली राहायचे. घरमालकाला तिकडं ओयासान म्हणतात. सत्तरी ओलांडलेले, तलवारींच्या साजाचा नाद असलेले. त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चकती खिडकीशी धरली, जाळीत आतून बोट फिरवलं आणि दोन्ही हातांनी परत दिली. म्हणाले, "रंग छान आहे." एवढंच. मग जवाचा गार चहा दिला. मी हवेत. क्योतोत चार वर्षं काढूनही "रंग छान आहे" याचा अर्थ मला कळला नव्हता.

पुढच्या महिन्यात तोच बाजार, पण दुसरा कोपरा, दुसरा विक्रेता. हिरव्या कापडावर चार त्सुबा मांडलेले. सारस. सारस. सारस. चौथ्यावर कसलीशी वेल. मी वाकले. तिन्ही सारसांच्या डाव्या पंखावर, तिसऱ्या पिसावर, तांदळाच्या दाण्याएवढी खोच.

म्हणजे तीन तलवारी, माझी धरून चार, आणि चौघींवर वार बरोब्बर एकाच पिसावर!

कुणीतरी खोच पडलेल्या एका त्सुबाचा साचा काढला होता. साच्याला काय, जे दिसेल ते उतरवतो. सौंदर्यही, खोचही.

तडक ओयासानांकडे गेले. त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत फडक्यांत गुंडाळलेले सहा त्सुबा. सगळे नकली, सगळे त्यांनी स्वतः घेतलेले. "जुग्योर्यो," ते म्हणाले. म्हणजे शिकवणीची फी. नकली मालात बुडालेल्या पैशाला तिकडचे संग्राहक असंच म्हणतात. मी जरा रागानंच विचारलं, त्याच दिवशी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नव्हतं. दाखवलं होतं."

मग त्यांनी एका किरीच्या लाकडी पेटीतून खरा त्सुबा काढला आणि एक खरा, एक नकली असे दोन्ही माझ्या दोन हातांत दिले. त्या दिवशी शिकले ते आता भराभरा सांगते.

घरात बिडाचा तवा असेल तर निम्मं तुम्हाला आधीच माहीत आहे. बीड ओतीव, त्याच्या अंगावर वाळूसारखा कण दिसतो. घडीव लोखंडाचा पोत निराळा. (नॉनस्टिकनं आपल्या स्वयंपाकघरातून हे ज्ञान हद्दपार केलंय, त्यावर मी वेगळं भाषण द्यायला तयार आहे.) तर बघायचं कुठं? जाळीच्या आतल्या भिंती बघा. तोंडावर सगळेच मेकअप करतात, आत बघा. खऱ्यात जाळी करवतीनं कापून कानशीनं घासलेली असते, कडा नेमक्या असतात. ओतीव नकलेत कडा चोखलेल्या गोळीसारख्या गोल, आत बारीक छिद्रं, कधी साचा जुळल्याची रेघसुद्धा. लक्षात ठेवा, आतल्या भिंती.

मग मधलं भोक. त्सुबा तलवारीवर घट्ट बसावा म्हणून भोकाच्या कडेला छिन्नीचे ठोके मारत, नाहीतर तांब्याचे तुकडे ठोकत. ते ठोके, आणि मुठीकडच्या वॉशरचा घासलेला ठसा, हे वापराचे पुरावे. नसले म्हणून लगेच नकली ठरवू नका, काही त्सुबा तलवारीवर कधी चढलेच नाहीत.

गंज? जुना गंज काळपट कॉफीसारखा, अंगाला चिकटून बसलेला. नवा नारिंगी, पांढऱ्या फडक्यावर उतरतो. आणि कृपा करून घासू नका! तांब्यात थोडं सोनं घालून केलेला शाकुदो नावाचा धातू असतो, त्याची जांभळासारखी निळसर काळी झाक हाच त्याचा दागिना. आपल्याकडे जुनं काही हाती लागलं की आधी चिंच आणि मीठ. माझ्या मावशीनं एक सुंदर काळवंडलेली समई अशीच लखलखीत करून टाकली. मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

राहिली सही. तिच्यावर सगळ्यात कमी भरवसा. हिकोनेच्या सोतेन या कारागिराचं नाव इतक्या जणांनी आपापल्या मालावर कोरलं की नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. महाग वस्तू घेणार असाल तर 1948 साली स्थापन झालेली तलवारींची एक संस्था तोक्योत आहे, ती तपासून दाखला देते. दाखल्यावर फोटो असतो. फोटो आणि हातातली वस्तू भोकाशी भोक जुळवून बघा.

आवाजाचं विसरलेच. दोऱ्याला टांगून टिचकी मारली की घडीव लोखंड बहुधा घुमतं, ओतीव ठक्क करतं. ओयासान म्हणायचे, यावर एकट्यावर विसंबू नका, जाडीप्रमाणे आवाज बदलतो.

माझा सारस मी विकला नाही. विकणार कुणाला, आणि काय सांगून? आत्ता तो इथं माझ्या कागदांवर आहे, स्टुडिओतल्या पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून. दोरा बांधूनच आणलाय. ऐका.

(टिचकी. ठक्क.)

आणि हा पाण्याचा स्टीलचा पेला.

(टिचकी. टण्ण.)