भाजणी, सोऱ्या आणि एक क्यूआर कोड

[दृश्य : पहाट. नागपूरच्या सक्करदऱ्यातलं स्वयंपाकघर. कढईतल्या तेलावरची वाफ.]

दिवाळीला आठ दिवस उरले की या घरात पहाटे चारला गॅस पेटतो. हे माझ्या मोठ्या आईचं घर. चौदा वर्षांपासून ती फराळाच्या ऑर्डरी घेते. सुरुवात शेजारच्या दोन घरांपासून झाली. आता धरमपेठेतून, मानेवाड्यातून फोन येतात.

[दृश्य : परातीत भाजणी. त्यात गरम तेलाचं मोहन पडतं, पीठ फसफसतं.]

तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरं, सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं तर जिरं करपतं आणि डाळ कच्ची राहते. मोहन किती घालायचं हे ती मोजत नाही. पीठ मुठीत दाबते, मूठ उघडते. गोळा तसाच राहिला की झालं.

[दृश्य : सोऱ्यातून उतरणारी चकली. काटे जवळून.]

सणाच्या या पंधरवड्यात होणाऱ्या कमाईवर तिचे पुढचे तीन-चार महिने निघतात. म्हणून या दिवसांत अनोळखी नंबरचा फोनही ती पहिल्या रिंगला उचलते. ऑनलाइन फसवणारे दिवाळीत घरगुती धंदा करणाऱ्या बायांना गाठतात, ते याचमुळे.

[दृश्य : मोबाईलची स्क्रीन. लष्करी गणवेशातला फोटो, चेहरा पुसट केलेला.]

गेल्या दिवाळीत असाच एक फोन आला. "कामठी छावणी से बोल रहा हूँ." वीस किलो चिवडा, दहा किलो चकली, जवानांसाठी. भाव केला नाही. लगेच व्हॉट्सअॅपवर ओळखपत्र पाठवलं. नागपूरकराला कामठीची फौज परकी नाही, गणवेश आपण रोज रस्त्यावर पाहतो. फसवणाऱ्याने हे नाव उगाच निवडलं नव्हतं.

तेरा हजारांची ऑर्डर, अर्धे पैसे आधी. तो म्हणाला, फौजेच्या खात्यातून पैसे असेच येत नाहीत. आधी तुम्ही एक रुपया पाठवा, दुप्पट होऊन परत येईल. तिने एक रुपया पाठवला. दोन रुपये आले.

[दृश्य : पासबुकातली ओळ. जमा, २.००.]

या दोन रुपयांकडे नीट बघा. सगळी फसवणूक यांच्यावर उभी आहे. पुढच्या वेळी त्याने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, साडेसहा हजार टाका, पिन टाका, लगेच पैसे जमा होतील. तिने टाकला. तो म्हणाला, अटकलं, पुन्हा टाका. असं तीनदा.

[दृश्य : बर्डीचा मेन रोड, संध्याकाळ. पणत्यांची पाटी. पाटीला लटकवलेला क्यूआर कोड.]

आता ही पणत्यावाली बघा. गिऱ्हाईक कोड स्कॅन करतं, गिऱ्हाईकच पिन टाकतं. हिच्या बाजूचा डबा बोलतो, साठ रुपये प्राप्त. हिने मोबाईलला हातही लावलेला नाही. क्यूआर कोड म्हणजे समोरच्याच्या खात्याचा पत्ता. स्कॅन करणाऱ्याचे पैसे त्या पत्त्यावर जातात. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं, तेव्हापासून हे असंच आहे. कोणी म्हणालं, पैसे यायला पिन टाका, की तिथेच फोन ठेवायचा. समोर फौजी असो, बँकवाला असो, नाहीतर कुरियरवाला.

एका माणसाने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे मागायची, म्हणजे कलेक्ट रिक्वेस्टची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. एक दार लागलं. क्यूआरचं उघडंच आहे.

[दृश्य : मोठी आई ओट्याशी बसलेली. कॅमेरा स्थिर.]

मोठी आई : "मला वाटलं, फौजी माणूस आहे, तो कशाला मला फसवून राहिला!"

प्रश्न : "मग सांगितलं कोणाला?"

[दहा सेकंद. निवेदन नाही. फक्त झाऱ्याचा आवाज.]

भाऊबीजेला सांगितलं. मधले सहा दिवस नाही. साडेएकोणीस हजार गेले, ते आले नाहीत.

[दृश्य : मोबाईलवर १९३० डायल करणारं बोट.]

हे सहा दिवस मला अजून टोचतात. १९३० हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे. फोन केला की विचारतात: कोणती बँक, किती वाजता, किती रक्कम, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक कोणता. तो क्रमांक अॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले, त्या बँकेला कळवलं जातं आणि खात्यात शिल्लक असेल ती रक्कम रोखली जाते. शिल्लक असेल तरच! चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात नेतात, मग एटीएममधून काढतात. ही पळापळ काही मिनिटांत होते. म्हणून आधी १९३०, मग आपली बँक. घरच्यांचं बोलणं खायला नंतर भरपूर वेळ असतो.

रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमही हेच सांगतो. ग्राहकाच्या चुकीने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं.

आणि घरातल्या लेकी-सुनांना, पोरांना एक विनंती आहे. कोणी सांगायला आलं तर "तुला समजत नव्हतं का" हे वाक्य गिळून टाका. त्या वाक्याच्या भीतीनेच मोठी आई सहा दिवस गप्प होती. चकलीचं मोहन हाताने ओळखणारी बाई अडाणी नाही.

[दृश्य : या वर्षीची पहाट. भिंतीवर दुधाच्या हिशेबाचा कागद. वर लाल पेनाने १९३०. फोन वाजतो.]

मोठी आई : "हो, होते ना दहा किलो. अॅडव्हान्स? तुम्ही स्कॅन करा, माझा कोड पाठवते."

[सोऱ्याचा दांडा फिरतो. डब्याचा आवाज : पाचशे रुपये प्राप्त.]