नीव, नांव आणि शीव

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘एका आयरिश नावाची यमके’ असा छापला आहे. तो वाचून काही जण कुतूहलाने आले असतील आणि काही जण बाहेरच्या पावसामुळे आत आले असतील. दोघांचेही स्वागत आहे. हे मुलीचे नाव पाच रोमन अक्षरांचे आहे: एन, आय, ए, एम, एच. फळ्यावर ही अक्षरे लिहून मी आपल्याला वाचायला सांगितले, तर या सभागृहात किमान चार उच्चार निघतील आणि चारही चुकतील. खरा उच्चार ‘नीव’ असा आहे. आयर्लंडमध्ये काही जण ‘ई’नंतर किंचित ‘अ’वर रेंगाळून ‘नीअव’ असेही म्हणतात. मात्र लिहिलेला ‘म’ कोणाच्याही तोंडी येत नाही आणि त्याच्यापुढचा ‘ह’ही येत नाही. तो ‘म’ गेला कुठे, हा माझा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपण मराठी माणसे रोज तोंडात घोळवत असतो, असा माझा दावा आहे.

या नावाच्या नादी मी कसा लागलो, ते आधी सांगितले पाहिजे. माझी भाची गॉलवे शहरात राहते, जावई तिथलाच. त्यांना मुलगी झाली, तिचे नाव त्यांनी हेच ठेवले आणि बारसे मात्र पुण्यात करायचे ठरले. नाव फोनवरून कळवले असते तर पुढचे काहीच घडले नसते. पण हल्ली जावळापासून बाराव्यापर्यंत सर्व काही व्हॉट्सॲपवर कळवण्याची पद्धत असल्यामुळे तेही पाच रोमन अक्षरांतच आले. माझी बहीण ती अक्षरे मोबाइलवर घेऊन एका सराफाकडे गेली आणि चांदीच्या वाटीवर नाव कोरायला टाकून आली. तिथल्या कारागिराने अक्षरे नीट पाहिली, शेवटचा ‘एच’ घाईत बोट लागून पडला असावा असा सद्भावनेने निर्णय घेतला आणि वाटीवर कोरले: ‘नियम’. चांगली टपोरी, घोटीव अक्षरे, वर शिरोरेघ सरळ आणि दोन्ही बाजूंना एकेक कमळ. तिकडे निमंत्रणपत्रिका छापणाऱ्याने ‘एच’ सोडला नाही, त्यामुळे पत्रिकेवर ‘नियाम्ह’ आले. बारशाला जमलेल्या बायकांपैकी निम्म्या बाळाला ‘नियामा’ म्हणत होत्या आणि उरलेल्या ‘बाळ’ म्हणून वेळ मारून नेत होत्या. जावई बिचारा प्रत्येकीला ‘नीव, नीव’ असे सांगत फिरत होता आणि एका हिंदी भाषक शेजारणीने त्याला नींव म्हणजे घराचा पाया असे समजावून त्याचे अभिनंदनही केले.

चौतीस वर्षे ज्याने शाळेत व्याकरण शिकवले, त्याच्या नातीच्या वाटीवर ‘नियम’ असे कोरले जावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. मी तक्रार केली तेव्हा बहीण म्हणाली, “दादा, जन्मभर पोरांच्या वह्यांत हेच लिहीत आलास ना? मग वाटीवर आलं तर बिघडलं कुठे?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिने वर मला शिक्षाही केली: बाळासाठी पाळणा लिही आणि त्यात तिचे नाव यमकात आण. यमकांचा शोध तिथून सुरू झाला, आणि या शोधात मला असे आढळले की तो कारागीर अगदीच चुकला नव्हता. जुन्या आयरिश भाषेत हे नाव खरोखरच ‘एच’शिवाय, नुसत्या ‘एम’ने संपणारे लिहीत असत. म्हणजे आमच्या कारागिराने आधुनिक शुद्धलेखन मोडले खरे, पण प्राचीन शुद्धलेखन पाळले!

आता अर्थ पाहू. नीव हा आजच्या आयरिश भाषेतही जिवंत असलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थ तेज, झळाळी असा आहे. नावांच्या पुस्तकांत त्याच्यापुढे ‘तेजस्वी’ असे लिहून विषय संपवतात, ते मला पटत नाही. तेज सूर्याचे असते, तसेच संतापलेल्या माणसाच्या डोळ्यांतही असते. नीव या शब्दात वस्तूच्या पृष्ठभागावर खेळणारा उजेड अधिक आहे. चिंचेने घासून उन्हात पालथ्या घातलेल्या तांब्याच्या घागरीवर जो दिसतो, तो. मराठीत त्याला लकाकी म्हणावे, कांती म्हणावे. जिल्हई हा शब्दही जवळचा आहे, पण मुलीचे नाव जिल्हई ठेवण्याइतके धैर्य अजून कोणी दाखवलेले नाही.

ज्या नायिकेमुळे हे नाव अजरामर झाले, तिला आयरिश कथा ‘सुवर्णकेशी नीव’ म्हणतात. ती ‘तीर ना नोग’ची, म्हणजे चिरतारुण्याच्या देशाची राजकन्या. पश्चिम समुद्रावरून पांढऱ्या घोड्यावर बसून ती आयर्लंडला येते आणि फिअना वीरांचा नायक फिन मॅककूल याच्या मुलाला, ओशीनला, मागणी घालते. ओशीन हा वीर आणि कवीही. तो तिच्यामागे घोड्यावर बसून निघून जातो. तिथे तीन वर्षे गेली असे त्याला वाटते आणि घरची ओढ लागते. नीव त्याला तोच घोडा देते आणि एकच अट घालते: पाय जमिनीला लावायचा नाही. आयर्लंडला येऊन पाहतो तो तीन नव्हे, तीनशे वर्षे लोटलेली. बाप नाही, सवंगडी नाहीत, त्यांच्या गढीवर गवत माजलेले. डब्लिनच्या दक्षिणेला ग्लेनास्मोल नावाचे खोरे आहे. तिथे काही माणसे एक शिळा उचलताना मेटाकुटीला आलेली त्याला दिसतात. ओशीन खोगिरावरून वाकतो, एका हाताने शिळा उचलून फेकतो, त्या हिसक्याने घोड्याचा तंग तुटतो आणि तो जमिनीवर येतो. क्षणात तो तीनशे वर्षांचा आंधळा म्हातारा होतो. घोडा निघून जातो. पुढे त्याची गाठ संत पॅट्रिकशी पडते, आणि जुन्या आयर्लंडचा हा शेवटचा साक्षीदार नव्या धर्माच्या संताशी कडाकडा वाद घालत बसतो. हे संवादही आयरिश लोकांनी मोठ्या चवीने जपले आहेत.

मागच्या रांगेत ‘रेवती, रेवती’ अशी कुजबुज झाली ती मला ऐकू आली. बरोबर आहे. भागवतात राजा ककुद्मी आपली मुलगी रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तिथले गायन संपेपर्यंत थांबतो, आणि इकडे सत्तावीस चतुर्युगे उलटून गेलेली असतात. फरक इतकाच की ककुद्मीला विधाता आधीच वस्तुस्थिती सांगतो. ओशीनला ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागते.

ही कथा आयरिश भाषेत पद्यबद्ध केली ती क्लेअर परगण्यातील मीहाल कोमीन या कवीने, १७५०च्या सुमारास. इंग्रजीतून तिला जगभर नेले ते डब्ल्यू. बी. येट्स यांनी, १८८९ साली, ओशीनच्या भ्रमंतीवरच्या दीर्घकाव्यातून. पुढे आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ वाढली, तशी शतकानुशतके कथेत राहिलेली नीव हळूहळू पाळण्यात आली. १९९३ साली कॉर्क परगण्यातल्या मिलस्ट्रीट या लहानशा गावी युरोव्हिजन गीतस्पर्धा झाली, ती जिंकणाऱ्या आयरिश गायिकेचे नाव नीव कॅव्हना होते. आणि येट्स यांचा उल्लेख आलाच आहे, तर अध्यक्षांची क्षमा मागून एक गोष्ट सांगतोच. नीवला घोड्यावर बसवून इंग्रजी वाचकांसमोर आणणारा हा कवी उतारवयात ज्यांच्याबरोबर बसून दहा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर करत होता, ते श्री पुरोहित स्वामी म्हणजे आपल्या वऱ्हाडातले, बडनेऱ्याचे. हे भाषांतर १९३७ साली प्रसिद्ध झाले. या दोघांत नीवच्या ‘म’विषयी बोलणे झाले असते, तर आजचे माझे व्याख्यान अनावश्यक ठरले असते.

आता त्या ‘म’कडे येतो. आयरिश लोक लिहितात एक आणि बोलतात एक, अशी टिंगल इंग्रज करत आले आणि आता आपणही करतो. ही माझी जुनी तक्रार आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावाचे आडनाव लावणारे लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या पदाचे ‘टीशॉख’ हे नाव नऊ रोमन अक्षरांत वाचून आमच्या कट्ट्यावर अर्धा तास हशा चालला होता. हसणाऱ्यांत आयुष्याची पहिली वीस वर्षे ‘नांव’ लिहून ‘नाव’ वाचणारे लोक होते. त्यांनी तरी हसायला नको होते.

आयरिशमध्ये स्वरानंतर येणारे व्यंजन मऊ पडते. या क्रियेला ते ‘शेवू’ म्हणतात, आणि गंमत अशी की त्या शब्दातला ‘व’सुद्धा मऊ पडलेला ‘म’च आहे. ओठ पूर्ण मिटले तर ‘म’ होतो. घाईत ओठ मिटायचे राहून गेले की नाकातला सूर शिल्लक राहतो आणि ओठांतून वारा निसटतो, म्हणजेच सानुनासिक ‘वँ’ तयार होतो. काही काळाने नाकातला सूरही जातो आणि कोरडा ‘व’ उरतो. ‘नीअम’चे ‘नीअवँ’ आणि त्याचे ‘नीव’ झाले ते असे. जुन्या आयरिश वळणाच्या लिपीत अशा मऊ ‘म’वर एक टिंब देत असत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील पुस्तकांतही ते दिसे. रोमन टाइप आला तेव्हा टिंबाच्या जागी ‘एच’ बसला. ज्याला आमच्या कारागिराने चुकून लागलेले बोट मानले, तो ‘एच’ म्हणजे हे टिंब!

आणि आपल्याकडे? संस्कृत ‘नाम’, त्याचे ‘नांव’ आणि मग ‘नाव’. ‘ग्राम’, ‘गांव’, ‘गाव’. कोमलचा कोवळा, श्यामलचा सावळा, आमलकाचा आवळा. अपभ्रंश भाषेत ‘म’चा विकल्पाने सानुनासिक ‘व’ होतो, असे सूत्र हेमचंद्र या व्याकरणकाराने बाराव्या शतकातच लिहून ठेवले आहे. नाकातला सूर गेल्यावर त्याची खूण म्हणून आपणही एक टिंब देत राहिलो. ते मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी काढून टाकले. दोन भाषा, एकमेकींपासून हजारो मैल दूर, दोघींनी एकच ‘म’ एकाच वाटेने गमावला आणि दोघींनी त्याच्या स्मरणार्थ डोक्यावर एकेक टिंब ठेवले. आयरिश भाषेत ‘नाव’ या अर्थी ‘अनिम’ हा शब्द आहे, आणि तो आपल्या ‘नाम’चाच सख्खा नातलग आहे. त्यात मात्र त्यांनी ‘म’ राखला. म्हणजे त्यांनी ‘नाम’ सांभाळले आणि नीवचा ‘म’ घालवला, आपण…

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि यमके, म्हणजे खरा विषय, अजून पुढेच आहे. तेव्हा भराभर सांगतो.

इंग्रजी यमके सोपी आहेत: लीव, ईव, स्टीव. त्यांत फारसे काही नाही. आयरिश दरबारी कवींचे यमक मात्र आपल्याला थक्क करील. साधारण १२०० ते १६५० या काळातल्या या कवींनी व्यंजनांचे सहा गट पाडले होते. स्वर तोच आणि शेवटचे व्यंजन त्याच गटातले असले की यमक जुळले. व्यंजन तेच असण्याची गरज नाही. ग, द, ब हा एक गट आणि क, त, प हा दुसरा. हे आपल्या वर्णमालेतले तिसरे आणि पहिले उभे रकाने आहेत, हे या सभेला सांगायला नको. मऊ पडलेला ‘म’ हा मऊ ब, द, ग आणि ल, न, र यांच्या गटात बसतो. त्यामुळे नीवचे यमक ‘रीअव’ म्हणजे ‘कधी काळी’ याच्याशी जुळते हे उघडच आहे. पण ते ‘ग्रीअन’ म्हणजे सूर्य, ‘स्रीअन’ म्हणजे लगाम आणि ‘शीअर’ म्हणजे पश्चिमेकडे, यांच्याशीही जुळते. सूर्य, लगाम आणि पश्चिम: त्या घोड्याची सगळी वाट तिच्या यमकांतच आहे. उलट ‘लीअम’ या मुलाच्या नावातला ‘म’ कडक, म्हणून दुसऱ्या गटातला. कागदावर या दोन नावांत पहिले अक्षर सोडले तर शेवटच्या ‘एच’चाच काय तो फरक दिसतो, पण कवींच्या लेखी त्यांचे जमत नाही. ब्रीअनशी मात्र जमते. पत्रिका जुळवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मराठीत पाळण्यासाठी मी यादी केली. जाणीव, नेणीव, उणीव, रेखीव, कोरीव, आखीव. ‘उणीव’ बारशात चालत नाही आणि ‘कीव’ तर मुळीच नाही. ‘जीव’ हा सर्वांना सुचणारा शब्द आहे. पाळण्यात तोच घातला आणि बहिणीला आवडलाही. मला स्वतःला ज्या शब्दाने झोप लागू दिली नाही, तो ‘शीव’. गावाची शीव, जी ओलांडून ओशीन गेला आणि जिच्या अलीकडे त्याला परत यायचे होते. मुंबईकरांना तो रेल्वे स्थानकाच्या पाटीवरून माहीत आहे. हा शब्द ‘सीमा’वरून आला: सीमा, शींव, शीव. तोच ‘म’, तेच टिंब, तोच ‘व’. नीवशी अक्षराने जुळणारे शब्द पुष्कळ आहेत. इतिहासानेही जुळणारे, ‘नाव’ आणि ‘गाव’ सोडले तर, मला हे एवढेच सापडले. पण त्या दोघांचा स्वर वेगळा, म्हणून यमकाला उरते शीव.

वाटी तशीच आहे. कारागीर ‘नियम’ घासून नवे अक्षर कोरून द्यायला तयार होता, पण चांदी पातळ होईल म्हणाला. मी त्याला ‘म’वर फक्त एक टिंब द्यायला सांगितले. त्याने ते फुकट दिले.