एका श्वासाचं मोजमाप

[छायाचित्र: रस्ता, दिवे लागलेले]

हे छायाचित्र भर दुपारचं आहे. २९ ऑक्टोबर १९४८. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधलं डोनोरा, वस्ती सुमारे चौदा हजार. नदीचं वळण, दोन्ही अंगांना टेकड्या आणि काठावर पोलादाचे आणि जस्ताचे कारखाने. आधी थंड हवा दरीत साचली, मग वर उबदार हवेचं झाकण बसलं. कारखान्यांचा धूर जिथल्या तिथे राहिला. शनिवारी गावात फुटबॉलचा सामना ठरल्याप्रमाणे झाला. प्रेक्षकांना खेळाडूच दिसेनात. रविवारी पाऊस आला तेव्हा कुठे हवा मोकळी झाली. वीस माणसं गेली. सुमारे सहा हजार आजारी पडली.

[मेरी ॲम्डर यांचं छायाचित्र]

या आहेत मेरी ॲम्डर. जन्म १९२१. रसायनशास्त्रात पदवी, कॉर्नेल विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पीएचडी आणि १९४९ मध्ये हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत फिलिप ड्रिंकर यांच्या गटात काम. ड्रिंकर म्हणजे रुग्णाचा श्वास चालू ठेवणारं यंत्र, ‘लोखंडी फुप्फुस’, बनवणाऱ्यांपैकी एक, श्वासाच्या यंत्रांमधला जाणता माणूस.

प्रश्न वरवर सोपा होता. धुरातलं नेमकं काय माणसाला मारतं? सल्फर डायऑक्साइडवर बोट ठेवणं सोपं. पण तो वायू पाण्यात पटकन विरघळतो. नाकातला आणि घशातला ओलावा त्याचा बराचसा भाग वरच्या वरच टिपून घेतो. मग फुप्फुसाच्या तळाशी काय पोचतं?

[प्रयोगशाळा: बंद पेटी, नळ्या, गिनीपिग]

इथे जरा थांबू या, कारण पुढचं सगळं या पेटीतून निघालं. श्वासनलिका आवळते तेव्हा ती बाहेरून दिसत नाही. मोजायची कशी? ॲम्डर आणि जेरे मीड यांनी १९५८ मध्ये एक पद्धत मांडली. प्राण्याला भूल द्यायची नाही, कारण भूल दिली की श्वासच बदलतो. छातीच्या पोकळीत बारीक नळी घालायची, प्राण्याला बंद पेटीत ठेवायचं आणि छातीतला दाब, आत-बाहेर जाणारी हवा, तिचा वेग हे सगळं एकाच वेळी कागदावर उतरवायचं. दाब आणि वेग एकमेकांशी ताडले की नलिका किती आवळली ते आकड्यात मिळतं. अशा एकेका श्वासाच्या रेघा वर्षानुवर्षं वाचल्या गेल्या.

[पडद्यावर रेघा: आधी मऊ, मग ताणलेल्या]

डावीकडे नुसता सल्फर डायऑक्साइड. उजवीकडे तोच वायू, तेवढाच, पण सोबत मिठाच्या अतिसूक्ष्म कणांची फवारणी. मीठ एरवी निरुपद्रवी. पण त्याच्या साथीने वायूचा परिणाम वाढला. पुढे कणांच्या आकाराचा प्रयोग झाला. झिंक अमोनियम सल्फेट नावाचा क्षार, डोनोराच्या धुळीच्या तपासणीत सापडलेला. कण जितके बारीक, तितकी श्वासनलिका जास्त आवळली. वजन तेवढंच, त्रास वेगळा. चिमणीतून किती टन धूर निघतो हे विचारणाऱ्यांना हे ऐकायला अवघड गेलं असणार.

[रिकामा कॉरिडॉर]

हे मोजमाप व्हायच्या आधीच, १९५३ मध्ये, ॲम्डर यांच्या नोकरीवर बेतलं होतं. पतीला हाताशी घेऊन त्यांनी गिनीपिगवर गंधकाम्लाच्या (सल्फ्युरिक ॲसिडच्या) धुक्याचे प्रयोग केले. कामाला पैसा पुरवणारी कंपनी धातू वितळवणारी. निष्कर्ष तिच्या सोयीचे नव्हते. डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या परिषदेत ते मांडायला निघालेल्या ॲम्डर यांना लिफ्टमध्ये दोन माणसांनी धमकावलं. त्याचं चित्रण अर्थातच नाही, म्हणून हा कॉरिडॉर. त्यांनी भाषण केलं. मग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात येऊ घातलेल्या निबंधावरून नाव काढायला ड्रिंकर यांनी सांगितलं. त्या नाही म्हणाल्या. निबंध छापला गेला नाही, त्यांची जागा गेली. हार्वर्डमध्येच जेम्स व्हिटेनबर्गर यांनी त्यांना आपल्या गटात घेतलं, नाहीतर ती पेटी आज तुम्हाला दिसली नसती.

१९७७ मध्ये एमआयटी, मग १९८९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ. १९९७ मध्ये अमेरिकेने अडीच मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांसाठी स्वतंत्र मर्यादा आखली. त्याच वर्षी विषशास्त्र संस्थेचा मेरिट पुरस्कार ॲम्डर यांना मिळाला; तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढच्याच वर्षी त्या वारल्या.

[डोनोरा, आज. नदी, पलीकडची टेकडी]

नदीपलीकडे वेबस्टर गाव. या टेकड्या एकेकाळी बोडक्या होत्या. जस्ताच्या धुराने तिथली झाडं-गवत गेलं होतं. आणि अलीकडे, गावातल्या धुक्याच्या संग्रहालयाची ही पाटी: ‘स्वच्छ हवेची सुरुवात इथे झाली.’