स्टेशनच्या कामाचा खर्च फुगतो कुठे?

नमस्कार श्रोतेहो. मोठ्या रेल्वे स्टेशनच्या कामाचा खर्च वाढला की सगळे सिमेंट-पोलादाच्या भावाला दोष देतात. भाव वाढतात हे खरंच, पण त्याची सोय करारातल्या भाववाढीच्या कलमात करता येते. सर्वांत जास्त पैसा गळतो तो नकाशे उशिरा बदलल्यामुळे.

लंडनचं यूस्टन स्टेशन बघा. नव्या वेगवान मार्गासाठीच्या तिथल्या कामाला 260 कोटी पौंड धरले होते. मार्च 2023 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं सांगितलं, की अंदाज 480 कोटींवर गेलाय. मधल्या काळात 11 प्लॅटफॉर्मचे 10 केले होते, तरीही!

असं का होतं? एक खांब दोन मीटर सरकवा. त्याबरोबर पाइल म्हणजे जमिनीत खोल गेलेले पायाचे खांब, त्यांना वरून जोडणारा काँक्रीटचा ठोकळा म्हणजे पाइल कॅप, वरची तुळई म्हणजे गर्डर, पावसाच्या पाण्याचे पाइप, केबलचा मार्ग, सगळंच नव्यानं आखावं लागतं. त्यात स्टेशन चालू असेल तर कामाला रात्रीचा ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून दिलेला वेळ, लागतो. समजा चार तासांचा मिळाला. ओव्हरहेड वायरची वीज बंद करायची, वायर जमिनीला जोडून सुरक्षित करायची, म्हणजे अर्थिंग लावायचं, यंत्रं रुळावर आणायची, शेवटी सगळं उलट क्रमानं आवरायचं. हातात उरतात जेमतेम अडीच तास. नकाशा वेळेत आला नाही म्हणून तो ब्लॉक वाया गेला, तर पुढचा मिळेपर्यंत क्रेनचं भाडं चालूच राहतं.

म्हणून निविदेआधीच जमीन तपासा. जुन्या नकाशांत नसलेल्या केबल आणि गटारं हमखास निघतात. ओल्या चिकणमातीत जमिनीखालच्या वस्तू शोधणारं रडार फसतं. तिथे हातानं चाचणी खड्डे घ्यायला हवेत. मग एक तारीख ठरवायची, तिच्यानंतर आराखडा बंद. त्यानंतरच्या प्रत्येक बदलाला खर्च, लागणारे दिवस आणि पैसा कुठून येणार हे लिहून मंजुरी घ्यायची, तीही काम सुरू होण्याआधी. साइटवरचा तोंडी हुकूम मोजायचाच नाही. बिलाच्या वेळी भांडणं त्यातूनच होतात.

राखीव निधीचंही तसंच. सरसकट दहा टक्के ठेवले की ते संपतातच! प्रत्येक धोक्याच्या नावावर वेगळी रक्कम लिहा. पायाचं काम सुखरूप झालं, की पायाची उरलेली रक्कम परत तिजोरीत.

दर महिन्याला विचारायचं ते ‘काम पुरं होईपर्यंत किती लागतील?’ आजवर किती खर्चले, एवढ्यानं भागत नाही. खर्च कमी दिसतो तो पुष्कळदा काम मागे पडल्यामुळेच.

आणि कात्री लावायचीच असेल तर दर्शनी भागाच्या काचांना लावा. प्रत्येक काच वेगळ्या वळणाची असेल तर साचाही वेगळा लागतो. त्याऐवजी चार-पाच ठरावीक मापांत बसवा. जिने आणि पाण्याच्या निचऱ्याला मात्र हात लावू नका. ते नंतर बसवायचे म्हणजे पुन्हा ब्लॉक मागायचे.