एक क्वार्टर म्हणजे किती?

[दृश्य: बालाघाटचा डोंगर, उतारावर पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. जीप पारापाशी थांबते.]

बीड जिल्ह्यातलं, डोंगरपट्ट्यातलं हे गाव. पित्तरपाटाचे दिवस आहेत. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन झालीय. दसरा झाला की निम्मं गाव कारखान्याची वाट धरेल, त्याआधी ही तरुण मंडळी घरोघर पोचायला बघताहेत. कुणी मानसोपचारात एम.डी. करणारे निवासी डॉक्टर, कुणी एम.एस.डब्ल्यू. झालेले. व्यसनावर संशोधन करायचं हे ठरलंय. ते कसं करायचं, याची शिकवणी या ओट्यावर चाललीय.

[दृश्य: भिंतीवरून काढलेलं कॅलेंडर, त्यावर बोट]

घरच्या दादांना पहिला प्रश्न गेला: दारू किती वेळा घेता? उत्तर आलं, "कधीमधी." बहुतेक घरांत हेच येतं, आणि कधीमधीचा हिशेब कुठल्याच तक्त्यात बसत नाही. म्हणून कॅलेंडर खाली आलंय. गेले ३० दिवस एकेक करून मागं जायचं, पण तारखेनं नाही. तारीख कुणाच्या ध्यानात राहते? पोळ्याला बसलात का? दुसऱ्या दिवशी, करीला? महालक्ष्म्या होत्या तेव्हा?

"न्हाई बा. लक्षुम्या घरात असल्यावर कुठं?"

ते तीन दिवस कोरे. मग आठवडी बाजार. मग उचल मिळाली तो दिवस. तिथं दादा जरा हसतात. या पद्धतीचं नाव टाइमलाइन फॉलोबॅक. लिंडा आणि मार्क सोबेल या मानसशास्त्रज्ञांनी ती बसवली. पोळा, बाजार, उचल या खुणा मात्र ज्याच्या त्याला आपल्या मुलखातून आणाव्या लागतात, आणि इथंच इथल्या पोरांचं पारडं जड होतं.

[दृश्य: १८० मिलीलीटरची रिकामी बाटली, लेबल जवळून]

लेबलवर आकडा आहे ४२.८ टक्के. १८० मिलीलीटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलीलीटर निव्वळ अल्कोहोल, वजनानं साधारण ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची प्रश्नावली आहे, तीत १० ग्रॅमचं एक माप धरतात. म्हणजे एका क्वार्टरची सहा मापं. आता तिचा तिसरा प्रश्न ऐका: एका बैठकीत सहा किंवा त्याहून जास्त मापं किती वेळा होतात? दादांच्या लेखी एक क्वार्टर म्हणजे 'थोडीशी'. प्रश्न नुसता वाचून दाखवला असता, तर 'कधीच नाही' वर खूण पडली असती. या गणितावर आख्खी सकाळ गेली. जायलाच हवी होती.

[दृश्य: मुकादम अंगणात येतो. प्रश्न विचारणारी मुलगी फॉर्म मिटते.]

हे मुद्दाम पाहा. मुकादम आला आणि तिनं फॉर्म मिटला, विषय पावसावर नेला. कोण किती पितो हे मुकादमाला कळलं, तर पुढच्या हंगामाची उचल अडू शकते. फॉर्मवर नाव नाही, फक्त क्रमांक. संमतीसाठी अंगठा घेतात तेव्हा त्रयस्थ साक्षीदार लागतो, तो कोण असावा यावरही या मंडळींचा आदल्या रात्री वाद झाला होता.

[दृश्य: मागचं दार, चुलीपाशी मावशी, तळहातावर काळी पूड]

"मावशी, तंबाखू खाता का?"

"न्हाई."

"दात कशानं घासता?"

"मिसरीनं."

मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. दिवसातून चारदा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ तंबाखू ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के तिचा बिनधुराचा वापर करणारे. दुसरा प्रश्न विचारला नाही, तर मावशी कुठल्याच टक्क्यात येत नाहीत.

[दृश्य: रुग्णालयाचा वॉर्ड. पुढं केलेले हात, फाकवलेली बोटं.]

इथं पाय मोडून दाखल झालेला रुग्ण. दारू तुटल्यानं त्याच्या हातांना सुटलेली थरथर दोघं शिकाऊ संशोधक एकमेकांचा कागद न बघता मोजताहेत, शून्य ते सात. एकानं तीन लिहिले, दुसऱ्यानं पाच. मग परत. दोघांचं जुळेपर्यंत कुणालाही खऱ्या अभ्यासातला फॉर्म मिळत नाही. शेवटची दारू कधी घेतली, हे आधी विचारायचं; कारण दारू तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो.

प्रबंधासाठी वॉर्डातच रुग्ण गोळा करणं सोयीचं. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत कसला तरी उपचार मिळालेला एकच निघाला. उरलेले ३७ या ओट्यांवर आहेत. यकृत, अपघात, घरातली मारझोड, हे गावाला नव्यानं सांगायला नको.

[दृश्य: ट्रॅक्टरची ट्रॉली, त्यात भांडीकुंडी, शेळी, लेकरं]

याच घरांची दुसरी फेरी सहा महिन्यांनी. माणसं गावात परततात पाडव्याच्या पुढं-मागं, कधी एप्रिल उजाडतो. या मुलांच्या नेमणुकीची पत्रं ३१ मार्चपर्यंतची आहेत.